बिडाची जुनी बँड सॉ : पाते चाकावरून उतरते, दुरुस्ती आणि सुधारणा

पटाशी

सर्व जाणकारांना नमस्कार.

सेलू तालुक्यातल्या आमच्या गावी वडिलांचा सुतारकामाचा कारखाना आहे. पूर्वी तेथे बैलगाड्या, तिफणी, वखर आणि घरांच्या चौकटी तयार होत. वडिलांच्या गुडघ्यांच्या दुखण्यामुळे तो सहा वर्षे बंद होता आणि आता मी पुण्यातली नोकरी सोडून तो पुन्हा उभा करीत आहे. कारखान्यातले सर्वांत मोठे यंत्र म्हणजे २४ इंची चाकांची, संपूर्ण बिडाची (ओतीव लोखंडाची) बँड सॉ, म्हणजे वर-खाली असलेल्या दोन चाकांवरून फिरणाऱ्या सलग पट्टीसारख्या पात्याची करवत, जिला गावात सगळे आराच म्हणतात. वडिलांनी ती १९७९ साली एका बंद पडलेल्या वखारीतून घेतली, म्हणजे आमच्याकडे आली तेव्हाही ती जुनीच होती. तिच्यावर बनवणाऱ्याचे नाव किंवा क्रमांक उरलेला नाही.

सध्याची अवस्था अशी आहे. वरच्या चाकाच्या बेअरिंगमधून खरखर ऐकू येते. दोन्ही चाकांवरचे रबर कडक होऊन भेगाळले आहे आणि एके ठिकाणी वडिलांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवून वेळ निभावून नेलेली दिसते. टेबलावर गंज चढला आहे, आणि टेबल ज्या अर्धगोल आधारावर कलते त्याला बोटभर लांबीचा तडा आहे. मोटार थ्री फेज, ३ एचपी, १४४० फेऱ्यांची आहे. कारखान्यात मात्र सध्या सिंगल फेजचाच पुरवठा आहे.

खरी अडचण पात्याची आहे. भाड्याने जनरेटर आणून, २५ मिलिमीटर रुंदीचे नवे पाते चढवून यंत्र चालवून पाहिले. रिकामे असताना पाते बऱ्यापैकी सरळ चालते. लाकूड लावले की ते मागे सरकते, लाकूड काढले की झटक्याने पुढे येते, आणि असे पाच-सात वेळा झाले की दातांच्या बाजूने चाकावरून उतरते. वरचे चाक कलवण्याचा स्क्रू फिरवून पाहिला. एकदा साधल्यासारखे वाटते, पण दुसऱ्या दिवशी तीच जागा चुकीची ठरते. वडील सांगतात की शेवटच्या वर्षी त्यांच्याही हातून असेच होत होते आणि म्हणूनच त्यांनी आरा वापरणे सोडले. सुरुवात कोठून करावी, एवढे सांगावे. यंत्र भंगारात द्यायचे नाही, हे मनाशी पक्के आहे.

मांजराकाठ

आपला धागा वाचून समाधान वाटले. मी लातूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यात ३१ वर्षे फिटर होतो; निवृत्तीनंतर घरी एक लहान आरा चालवतो.

माझी पहिली विनंती अशी की अजून काहीही विकत घेऊ नका आणि काहीही खोलू नका. खोललेल्या यंत्रातून दोष दिसत नाही, कारण दोष जेव्हा उमटतो तेव्हा यंत्रावर ताण असतो. आधी मोजमाप करा. त्यासाठी गवंड्याचा ओळंबा आणि पोलादी पट्टी एवढेच पुरे.

दोन्ही चाकांची झाकणे काढा. वरच्या चाकापुढे, चाकाच्या कडेपासून चार-पाच सेंटिमीटर अंतरावर, ओळंब्याची दोरी अशी सोडा की ती चाकाच्या मधोमध दोन्ही चाकांसमोरून खाली जाईल. ओळंबा स्थिर होण्यासाठी तो पाण्याच्या किंवा तेलाच्या डब्यात बुडवून ठेवा. आता दोरीपासून चाकाच्या कडेपर्यंतचे अंतर चार ठिकाणी मोजा : वरच्या चाकाची वरची कड, त्याची खालची कड, खालच्या चाकाची वरची कड आणि खालची कड. हे मोजमाप एकदा पाते पूर्ण सैल असताना आणि एकदा कामाच्या वेळी असतो तेवढा ताण देऊन घ्या. मधल्या काळात कलवण्याच्या स्क्रूला हात लावू नका. दोन्ही वेळचे आकडे येथे लिहा, मग बोलू.

किनवटसाग

मांजराकाठ काकांच्या अनुभवाचा मान राखून लिहितो, पण मला यात पात्याचाच दोष वाटतो. आमच्याकडे किनवटच्या बाजूला सागाचे काम चालते आणि पाते मागेपुढे होण्याच्या दहा तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी सांध्यावर येऊन संपतात. सांधा जुळवताना पात्याच्या पाठी एका रेषेत ठेवल्या नाहीत, तर पाते दर फेरीला मागेपुढे झोके घेते. पाते उतरवून सांध्याची जागा सपाट टेबलावर ठेवा आणि पाठीला पोलादी पट्टी लावून पाहा. फट दिसली तर सांधा वाकडा आहे. शिवाय दातांची फाक (दात आळीपाळीने दोन्ही बाजूंना वाकवलेले असतात ती) एका बाजूला जास्त असेल, तर पाते लाकडात त्या बाजूला ओढले जाते. यंत्राकडे वळण्याआधी या दोन गोष्टी पाहून घ्याव्यात.

पटाशी

दोघांचेही आभार. दोन्ही तपासण्या केल्या.

सांध्यावर पट्टी लावून पाहिली, फट नाही. पाते मागेपुढे होते ते दर फेरीला होत नाही, फक्त लाकूड लावताना आणि काढताना होते.

ओळंब्याचे आकडे असे आहेत. पाते सैल असताना चारही ठिकाणी अंतर ५२ मिलिमीटर, अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने. ताण दिल्यावर खालच्या चाकाचे आकडे तेच राहिले. वरच्या चाकाची वरची कड मात्र ५१ वर आली आणि खालची ५३.५ वर गेली. म्हणजे ताण देताच वरच्या चाकाचा माथा आपल्याकडे, यंत्राच्या बाहेर झुकतो. मी हे तीन वेळा करून पाहिले. तिन्ही वेळा तो झुकला, पण आकडा प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण मिलिमीटरने वेगळा आला.

मांजराकाठ

आपण तीन वेळा मोजले हे फार चांगले केले, कारण उत्तर त्या बदलत्या आकड्यातच आहे.

आपले २५ मिलिमीटरचे पाते जाडीला ०.६ मिलिमीटर असेल. चाकाच्या व्यासाचा हजारावा भाग ही पात्याच्या जाडीची जुनी मर्यादा आहे आणि २४ इंची चाकाला ती बरोबर लागू पडते. दातांच्या खाचा सोडल्या तर भार पेलणारी रुंदी सुमारे २० मिलिमीटर उरते, म्हणजे १२ चौरस मिलिमीटरचा छेद. दर चौरस मिलिमीटरला १० किलो हा साध्या कार्बन पोलादाच्या पात्यासाठी मध्यम ताण मानला, तरी पात्याच्या एका पदराला (दोन चाकांमधल्या एका बाजूला) १२० किलो आणि दोन्ही पदरांचे मिळून २४० किलो ओझे वरच्या चाकावर खाली येते. हे चाक सांगाड्यातल्या खाचेत वर-खाली सरकणाऱ्या ज्या ठोकळ्यावर बसवलेले असते, त्या ठोकळ्याच्या बरेच पुढे ते अधांतरी असते. ठोकळा आपल्या खाचेत घट्ट असेल तर काही बिघडत नाही. खाच झिजली असेल तर हे ओझे ठोकळ्याला पुढे वाकवते, धुरा खाली झुकतो आणि चाकाचा माथा बाहेर येतो. माथा ज्या बाजूला कलतो त्याच बाजूला पाते चालत जाते. म्हणून आपले पाते दातांच्या बाजूने उतरते.

स्क्रू फिरवून आपण हा झुकाव भरून काढता, पण झिजलेला ठोकळा एका जागी टिकत नाही. लाकूड लावल्यावर पाते त्याच्या पाठीमागे आधाराला असलेल्या बेअरिंगवर दाबले जाते, ताण किंचित बदलतो आणि ठोकळा खाचेत नव्या जागी जाऊन बसतो. कालची जागा आज चुकीची ठरते ती यामुळे. ठोकळा आणि खाच यांच्यामधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पोलादी पट्ट्यांनी) मोजा. २०० मिलिमीटर उंचीच्या ठोकळ्यात ०.८ मिलिमीटर फट असेल, तर ६१० मिलिमीटरच्या चाकावर ती जवळजवळ अडीच मिलिमीटर होऊन दिसते, आणि आपला आकडाही तेवढाच आहे.

पटाशी

ठोकळ्याची उंची २१० मिलिमीटर आहे आणि वरच्या टोकाशी ०.८ ची पट्टी सहज आत जाते. खालच्या टोकाशी ०.७ जाते. काका, मी यंत्र न पाहता कोणी इतके नेमके सांगेल असे समजलो नव्हतो. वडिलांना हे वाचून दाखवले. ते बराच वेळ ठोकळ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले की त्या खाचेत तेल घालायचे असते हे त्यांना कोणी कधी सांगितलेच नव्हते.

किनवटसाग

मोजमापापुढे माझा अंदाज टिकत नाही, हे मोकळेपणाने मान्य करतो. मीही माझ्या यंत्रावर आज ओळंबा लावून पाहणार आहे.

वाळूजचा टर्नर

छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत आमचे लेथ आणि शेपरचे (धातूचा पृष्ठभाग रंधून सपाट करणाऱ्या यंत्राचे) काम चालते, म्हणून दुरुस्तीविषयी लिहितो.

सरकता ठोकळा काढून जवळच्या शेपर किंवा मिलिंग यंत्रावर न्या. त्याच्या घासणाऱ्या बाजू फक्त चकाकी येईपर्यंत सपाट करून घ्या. जास्त बीड काढू नका. सांगाड्यातली खाच मोठ्या यंत्रावर चढवणे अवघड असते, त्यामुळे ती जागेवरच स्क्रॅपरने घासून काढावी. निळा रंग लावून ठोकळा सरकवला की उंचवटे दिसतात; तेवढेच खरवडायचे आणि पुन्हा रंग लावायचा. हे काम दोन दिवस खाईल, पण त्याला दुसरा मार्ग नाही. त्यानंतर जी फट राहील ती भरण्यासाठी एका बाजूला गनमेटलची (तांबे-कथिलाच्या मिश्रधातूची) किंवा बिडाचीच गिबपट्टी बसवा आणि तिच्यावर दाब देणारे तीन स्क्रू मागच्या नटांसह लावा. ०.०५ मिलिमीटरची फीलर जेमतेम अडेल इतपत पट्टी आवळली की ठोकळा सरकतो, पण डुलत नाही. फटीत पत्र्याचा तुकडा ठोकून काम भागवण्याचा मोह होईल. तो टाळा, कारण पत्रा दोनच ठिकाणी टेकतो आणि महिन्याभरात खाच आणखी खाल्ली जाते.

ठोकळा बाहेर आहे तोवर वरच्या चाकाची बेअरिंगेही बदला. जुन्या बेअरिंगवरचा क्रमांक वाचता आला तर उत्तम, नाहीतर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी मोजा. ३०, ६२ आणि १६ मिलिमीटर आले तर ते ६२०६ आहे. दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलेच घ्या, कारण भुसा आत गेला की ग्रीसचा लगदा होतो. धुऱ्यावर बसवताना आतल्या कड्यावर आणि चाकाच्या घरात बसवताना बाहेरच्या कड्यावर दाब द्या. उलट केले तर गोळ्यांमधून दाब जातो आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी खराब होते.

तड्याविषयी : टेबलाच्या आधाराचा तडा निकेलच्या रॉडने भरता येतो. तड्याच्या टोकाला ३ मिलिमीटरचे भोक पाडा म्हणजे तो पुढे धावणार नाही. मग व्ही आकाराची चर काढा, तुकडा तापवून घ्या, एका वेळी इंचभरच वेल्डिंग करा आणि ते गरम असतानाच हलक्या हातोडीने ठोका. शेवटी तुकडा कोरड्या राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत पुरून रात्रभर थंड होऊ द्या. घाईने थंड केलेले बीड वेल्डिंगच्या शेजारीच पुन्हा तडकते. मुख्य सांगाड्याला तडा असता तर मी वेल्डिंग सुचवले नसते.

शिल्पनिदेशक

नांदेडमध्ये आयटीआयच्या मुलांना मी सुतारकाम शिकवतो. रबराचा विषय अजून कोणी घेतलेला नाही आणि माझ्या मते ठोकळ्याखालोखाल तोच महत्त्वाचा आहे.

चाकावरचे रबर केवळ दात वाचवण्यासाठी नसते. त्याचा माथा मधोमध किंचित फुगीर असतो आणि त्या फुगवट्यामुळेच पाते चाकावर स्वतःहून मध्यभागी येते. रबर झिजून सपाट झाले, किंवा मध्ये घळ पडून कडा उंच राहिल्या, तर पाते कडेकडे धावते. सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने जाडीत पायरी तयार होते आणि दर फेरीला पाते तेथे उडी घेते. पटाशींच्या वडिलांनी त्या दिवसाचे काम वाचवले यात शंका नाही, पण आता दोन्ही चाकांचे रबर एकदमच बदलावे.

जुने रबर आणि चिकटद्रव्य पूर्ण खरवडून थिनरने पुसून बीड उघडे करा. ४ मिलिमीटर जाडीच्या चांगल्या रबराची, चाकाच्या रुंदीएवढी पट्टी घ्या. आपल्या चाकाचा घेर १९१५ मिलिमीटर आहे. पट्टी त्याहून सुमारे ४ टक्के आखूड, म्हणजे १८४० मिलिमीटर ठेवा आणि तिची टोके तिरकी कापून जोडा. ही कडी ताणून चाकावर चढवताना दोन माणसे लागतात. संपर्काने चिकटणारे द्रव्य दोन्ही बाजूंना लावून सुकू द्यावे आणि मग चढवावे. चढवल्यावर रबराखाली गोल काडी घालून ती चाकाभोवती एकदा फिरवली की ताण सगळीकडे सारखा वाटला जातो.

एक दिवस वाळू दिल्यानंतर फुगवटा द्यायचा. खालचे चाक पाते न चढवता मोटारीने फिरवा, भक्कम आधारावर टेकवलेल्या लाकडी ठोकळ्याला ८० नंबरचा पॉलिशपेपर लावा आणि मध्यभाग सोडून दोन्ही कडा हलक्या उतरवा. मध्य आणि कड यांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक पुरेसा आहे. वरचे चाक दुसऱ्या माणसाने हाताने फिरवावे. वेळ लागेल, पण बोटे सुरक्षित राहतील. मग चाक मोकळे फिरवून सोडा. ते दर वेळी एकच बाजू खाली करून थांबत असेल तर त्या बाजूला वजन जास्त आहे; आतल्या बाजूने उथळ भोके पाडून ते काढता येते.

आराच्या इतिहासातही पाते जोडण्याचा प्रश्नच सर्वांत अवघड होता. अशा करवतीची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच इंग्लंडमध्ये मांडली गेली होती, पण चाकांवर वळून वळून पाते सांध्यावर तुटत असे. टिकाऊ सांधा जोडण्याच्या पद्धतीचे पेटंट १८४६ साली ॲन पॉलिन क्रेपाँ या फ्रेंच बाईंनी घेतले आणि त्यानंतर हे यंत्र खऱ्या अर्थाने कारखान्यात आले. मुलांना मी हे आवर्जून सांगतो, कारण सांध्याला डाग देण्याच्या कामाला ते फार हलके समजतात.

वीजतार

मी अंबाजोगाईला विजेची कामे करतो. मोटारीविषयी लिहिण्याआधी एक गोष्ट हात जोडून सांगतो.

आपल्या भागात शेतपंपाला ऑटो स्विच लावण्याची पद्धत आहे. रात्री-अपरात्री वीज आली की पंप आपोआप सुरू व्हावा, म्हणून शेतकरी तो लावतात आणि त्यांची अडचण खरी आहे. पण गावातला जो माणूस पंपाचा स्टार्टर जोडतो, तोच आपल्या आराचाही जोडणार आहे आणि सवयीने तोच स्विच लावेल. कृपा करून लावू देऊ नका. वीज गेली, आपण पात्यातला भुसा काढायला हात घातला आणि वीज आली, तर काय होईल हे लिहिण्याची गरज नाही. साध्या डीओएल स्टार्टरची (मोटार थेट पुरवठ्याला जोडणाऱ्या स्टार्टरची) कॉइल वीज जाताच सुटते आणि हिरवे बटण पुन्हा दाबेपर्यंत मोटार सुरू होत नाही. त्या सोयीला बगल देणारी कोणतीही तार आराच्या स्टार्टरमध्ये असू नये. आधीची असेल तर ती पहिल्या दिवशी काढा.

आता मोटार. सहा वर्षे बंद असल्याने आधी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासण्याच्या उपकरणाने) वाइंडिंग आणि बॉडी यांमधला रोध पाहा. तो १ मेगोहमपेक्षा कमी आला तर वाइंडिंगमध्ये ओल आहे. झाकण काढून जवळ १०० वॅटचा बल्ब लावून दोन दिवस सुकवा आणि पुन्हा मोजा.

सिंगल फेजवर चालवण्यासाठी व्हीएफडी, म्हणजे विजेची वारंवारता बदलून मोटारीचा वेग ठरवणारे उपकरण, हा चांगला उपाय आहे. तो २३० व्होल्ट सिंगल फेज घेऊन २३० व्होल्ट थ्री फेज देतो. ३ एचपीपर्यंतच्या मोटारी आपल्याकडे बहुधा ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेल्या असतात, म्हणून त्या २३० व्होल्टवर चालवताना डेल्टामध्ये जोडाव्या लागतात (स्टार आणि डेल्टा या वाइंडिंगची टोके जोडण्याच्या दोन पद्धती). डब्यात वाइंडिंगची सहाही टोके बाहेर आलेली असतील तर पट्ट्या बदलल्या की झाले. तीनच असतील तर मोटार उघडून स्टारचा सांधा शोधावा लागेल, आणि ते वाइंडिंगवाल्याकडूनच करून घ्यावे. सिंगल फेजच्या बाजूला करंट २० अँपिअरच्या वर जाऊ शकतो, तेव्हा घराच्या बोर्डावरून तार ओढू नका. मीटरपासून स्वतंत्र तार आणि यंत्राला स्वतंत्र अर्थिंग करा, आणि आपला मंजूर भार तेवढा आहे का हे वीज कार्यालयात विचारून घ्या. व्हीएफडीमध्येही वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय असते. ती बंद ठेवा.

पटाशी

वीजतार दादा, आपण लिहिल्यावर आमचा जुना स्टार्टर उघडून पाहिला. त्यात खरोखरच कॉइलला बगल देणारी तार होती. ती आजच काढली. वडिलांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची टोके १९९१ साली याच यंत्रावर गेली. वीज अचानक आली होती, एवढेच आम्हाला लहानपणी सांगितले गेले होते.

व्हीएफडी घेतला तर वेग ५० हर्ट्झच्या वर नेता येईल का? काम लवकर उरकेल असे वाटते.

मांजराकाठ

वडिलांना माझा नमस्कार सांगा. ती तार काढलीत, फार बरे झाले.

वेग वाढवू नका. आपल्या मोटारीवर ४ इंची आणि खालच्या चाकावर १० इंची पुली असेल, तर चाकाच्या ५७६ फेऱ्या होतात आणि पात्याचा वेग मिनिटाला सुमारे ११०० मीटर येतो. लाकडासाठी तो योग्य आहे. बिडाच्या चाकाच्या धावेवर येणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दीडपट केला तर तो सव्वादोनपट होतो. जुन्या बिडात कोठे पोकळी आहे हे बाहेरून दिसत नाही. व्हीएफडीचा उपयोग हळू सुरुवात करण्यासाठी करा, दहा-बारा सेकंदांत पूर्ण वेग येईल असे ठेवा.

किनवटसाग

पात्यांविषयी मी लिहू शकतो. आपल्या दोन चाकांच्या मध्यांमधले अंतर मोजा. त्याच्या दुपटीत चाकाचा एक घेर मिळवला की पात्याची लांबी मिळते. अंतर ४८ इंच असेल तर ती साधारण ४३५० मिलिमीटर होईल. ताण देण्याचा स्क्रू अर्ध्यावर ठेवून मोजा, म्हणजे पुढे सांधा तुटून पाते इंचभर आखूड झाले तरी चालेल.

ओंडक्याच्या जाड फळ्या चिरायला इंचाला ३ दातांचे २५ मिलिमीटरचे पाते ठीक आहे. गाडीच्या चाकाच्या पाट्यांसारखे वळण कापायला ते चालणार नाही. १२ मिलिमीटरचे पाते साधारण ६५ मिलिमीटर त्रिज्येचे वळण घेते आणि ६ मिलिमीटरचे १६ पर्यंत जाते. साग मऊ वाटतो, पण त्याच्या अंगात सिलिका असते, त्यामुळे साध्या पोलादाचे दात बाभळीपेक्षाही लवकर बोथट होतात. पाते बोथट झाले की माणूस लाकूड जोराने ढकलतो आणि मग दोष यंत्राच्या माथी येतो.

आणखी एक, वेगळ्या स्वरूपाचे. ओंडके चिरणाऱ्या आरा गिरणीला वन विभागाचा परवाना लागतो. आपण स्वतःच्या फर्निचरसाठीच यंत्र वापरणार असलात, तरी सुरू करण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन आपल्या चाकाच्या मापासह लेखी विचारून घ्या.

पटाशी

पात्याच्या दोन्ही बाजूंच्या मार्गदर्शक ठोकळ्यांविषयी विचारायचे राहिले. जुने ठोकळे लाकडाचे आहेत आणि पूर्ण खाल्ले गेले आहेत. त्या जागी बेअरिंगे बसवावीत का?

शिल्पनिदेशक

मी लाकडाचेच ठोकळे सुचवीन. जुन्या बाभळीचा किंवा शिसवीचा गाभा घ्या, आडव्या तोडीचा भाग पात्याकडे येईल असे तुकडे कापा आणि आठवडाभर तेलात बुडवून ठेवा. ते पात्याला जवळजवळ टेकवून लावता येतात, चुकून दात लागले तरी दात जात नाहीत, आणि झिजले की पाच मिनिटांत पुन्हा सपाट करता येतात. बेअरिंगच्या मार्गदर्शकात भुसा आणि सागाचे तेल जमून पात्यावर गाठी उमटतात, असा माझा अनुभव आहे. पात्याच्या मागचा आधार मात्र बेअरिंगचाच हवा.

लावण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी ताण, मग पाते चाकाच्या मधोमध चालवणे, आणि सर्वांत शेवटी मार्गदर्शक. बाजूचे ठोकळे दातांच्या खाचांच्या किंचित मागे आणि कागदाच्या जाडीएवढी फट ठेवून आवळा. मागचे बेअरिंग पात्याच्या पाठीपासून अर्ध्या मिलिमीटरहून कमी अंतरावर असावे; रिकामे चालताना ते फिरता कामा नये. काम करताना वरचा मार्गदर्शक लाकडापासून अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा वर नको.

वाळूजचा टर्नर

शिल्पनिदेशक साहेबांशी मी येथे पूर्ण सहमत नाही. सील असलेली चांगली बेअरिंगे आणि पुसण्यासाठी एक नमद्याची पट्टी लावली तर गाठी उमटत नाहीत, आणि दिवसभर चालणाऱ्या यंत्रावर लाकडाचे ठोकळे रोज सारखे करावे लागतात. पण आपल्या कारखान्यात आरा दिवसातून तास-दोन तास चालणार असेल, तर बाभूळ पुरेशी आहे.

गंजाचे राहिले होते. टेबल रॉकेल आणि एमरीपेपरने साफ होईल. लहान तुकड्यांसाठी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात १२ व्होल्टचा चार्जर लावा. ऋण टोक गंजलेल्या तुकड्याला आणि धन टोक साध्या लोखंडाला. तेथे स्टेनलेस स्टील कधीही वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. भांडे उघड्यावर ठेवा, कारण हायड्रोजन निघतो.

पटाशी

सात आठवड्यांनी लिहीत आहे, उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व.

ठोकळा परभणीत शेपरवर सपाट करून घेतला. खाच मी आणि वडिलांनी मिळून खरवडली. वडील खुर्चीवर बसून निळा रंग लावत होते आणि उंचवटा कोठे आहे हे माझ्याआधी त्यांच्या लक्षात येत होते. गनमेटलची गिबपट्टी बसवली. बेअरिंगे ६२०६ च निघाली. रबर दोन्ही चाकांवर नवे आहे. पहिली पट्टी मी घाईत वाकडी चिकटवली होती, ती काढून पुन्हा लावली. तडा निकेलने भरला आणि तुकडा चुलीच्या राखेत रात्रभर ठेवला. मोटारीतून तीनच टोके बाहेर होती, म्हणून वाइंडिंगवाल्याकडून सहा काढून घेतली. टेबलाखाली चार इंची पाइप लावून ब्लोअर जोडला आहे, कारण लाकडाचा बारीक भुसा कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांत गणला जातो हे वाचल्यापासून मला वडिलांच्या खोकल्याची काळजी वाटते.

आता ओळंब्याचे आकडे : सैल असताना चारही ५२, ताण दिल्यावर वरच्या चाकाचे ५१.८ आणि ५२.२. तीन वेळा मोजले, तिन्ही वेळा तेच.

वन कार्यालयातले लेखी उत्तर हाती आल्यानंतरच गेल्या रविवारी पहिले लाकूड लावले. तिफणीच्या दिंडासाठी ठेवलेला सात इंची बाभळीचा तुकडा वडिलांनी स्वतः निवडला. तो उभा चिरताना पाते मागच्या बेअरिंगला टेकले, आणि लाकूड काढल्यावर जेथे होते तेथेच परत आले. दोन तास चालवले; पाते उतरले नाही.

काका, रात्री पाते सैल करून ठेवावे का, हे एकच विचारायचे राहिले आहे.

मांजराकाठ

अवश्य सैल करा. स्प्रिंग, रबर आणि नवी गिबपट्टी या तिन्हींना विश्रांती मिळते, आणि ताण तसाच राहिला तर पाते टेकते तेथे रबर दबून सपाट होते. सैल केल्यावर स्टार्टरवर एक पाटी अडकवत जा, म्हणजे सकाळी दुसऱ्या कोणी यंत्र सुरू केले तरी त्याला ताण द्यायचा आहे हे कळेल. आणि त्या खाचेत दर शनिवारी दोन थेंब तेल.